नाताळची काळी कार्डं

मी एकदा माझ्या धडधाकट आईला पोस्टाने मारलं. तेही नाताळच्या तोंडावर, स्वतःच्या हाताने कातरून, चिकटवून, वर तिकीट लावून. हत्यार म्हणाल तर काळा कागद, वाटीभर गव्हाच्या पिठाची खळ आणि पाचगणीच्या दगडी बांधावर उगवणारं एक पान. कारण म्हणाल तर अक्कल. अक्कल नव्हती म्हणून झालं असतं तर कुणी बोललंही नसतं, पोर आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण चौदाव्या वर्षी मला ती गरजेपेक्षा जास्त आली होती, आणि आलेली अक्कल घरात ठेवायला जागा नसल्यामुळे मी ती पाकिटात घालून नातेवाइकांना वाटत सुटले होते.

आमचं घर साताऱ्यात, बाबांच्या फोटोच्या दुकानाच्या मागच्या अंगाला. पुढच्या खोलीत रंगवलेल्या धबधब्याचा पडदा आणि गिऱ्हाइकांना बसायला स्टूल, मधल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, आणि त्याच्या मागे आईचं स्वयंपाकघर. त्यामुळे आमच्या घराला कायम दोन वास यायचे, फोटो धुवायच्या औषधाचा आणि फोडणीचा. पाहुण्यांना आधी ठसका लागायचा आणि मग भूक लागायची. बाबा अंधाऱ्या खोलीत काम करताना गायचे. हौस म्हणून नाही, घड्याळ म्हणून. औषधात बुडवलेला कागद किती वेळ ठेवायचा हे ते गीताच्या कडव्यांवर मोजत. एका कडव्यात चेहरा उमटायचा, दुसऱ्यात साडीचे काठ, आणि तिसरं कडवं रेंगाळलं तर सगळंच काळं व्हायचं. म्हणून बाबा तिसरं कडवं नेहमी पळवत. पुढे पुढे त्यांना सवयच लागली. लाल दिवा नसला तरी त्यांचं तिसरं कडवं मागे कुत्रं लागल्यासारखं धावायचं.

आणि याच तिसऱ्या कडव्यावरून आमच्या घरात तीन वर्षं अबोला होता. बाबांची धाकटी बहीण, माझी मार्थाआत्या, सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. आतोबा तिथल्या कापडगिरणीत कामाला, आणि पेटी वाजवण्यात अख्ख्या गिरणीत त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. दर नाताळला दोघं आमच्याकडे यायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. तर नाताळच्या उपासनेला देवळात आतोबा पेटीवर बसायचे आणि बाबा गायचे. एका वर्षी बाबांचं तिसरं कडवं असं काही सुटलं, की आतोबांनी भर उपासनेत पेटीचा भाता सोडला, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तुमी या जाऊन. आमी हितंच थांबतो." सगळी मंडळी हसली. उपासना घेणारे पाळकसाहेबसुद्धा पुस्तकाआड हसले. घरी आल्यावर बाबा बहिणीकडे वळले, की आता ही आपली बाजू घेईल. आत्या म्हणाली, "दादा, खरं सांगू का, तू लय पळतोस." संपलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, आणि आत्या-आतोबा दुसऱ्या दिवशीची एसटी धरून गेले ते गेलेच.

आमच्या घरात विकतचं नाताळचं कार्ड आणायचं नाही असा नियम होता. बाबा म्हणायचे, विकतच्या कार्डात दुकानदाराच्या शुभेच्छा असतात. त्यामुळे डिसेंबर लागला की जेवणाची जागा पुसून तिथे आमचा कारखाना सुरू व्हायचा. आई कागद कातरायची, मी खळ लावायची, बाबा फोटोवरचे डाग घालवायच्या बारीक कुंचल्याने तारे काढायचे. आणि मग आई आत लिहायला बसायची. आईचं कार्ड म्हणजे शुभेच्छा एक ओळ आणि पुढे घरचा सगळा हिशेब: पेरू यंदा गोड नाही, एस्तेरला (म्हणजे मला) गोवर येऊन गेला, शेजारच्या काकूंच्या सुनेला मुलगा झाला, तुमच्याकडे हळदीचा भाव काय. जागा संपली की ती कडेने आडवं लिहायची, आणि कडाही संपल्या की पाकिटावर. पोस्टमनला आमच्या घरची खबर नातेवाइकांच्या आधी लागायची.

त्या वर्षी मी या कारखान्याची मालकी घेतली. झालं असं, की पावसाळा सरल्यावर बाबा दरवर्षी पाचगणीला जायचे. तिथल्या बोर्डिंग शाळांतून वर्गावर्गाचे फोटो काढायचं काम असायचं, आणि तिपाई धरायला मला न्यायचे. एका शाळेतल्या मेट्रनबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं आणि त्यांच्या भिंतीला टाचलेली परदेशी कार्डं मी बघितली. बर्फ, त्यात एक झाड, आणि आत फक्त दोन शब्द आणि सही. पेरू नाही, गोवर नाही. माझ्या मनात आलं, याला म्हणतात सभ्यता! आमची आई म्हणजे अगदीच गावंढळ. (ही गावंढळ बाई चार भाषांत प्रार्थना म्हणू शकायची आणि माझा गणिताचा अभ्यास घ्यायची, पण ते त्या वेळी माझ्या हिशेबात नव्हतं.)

परतताना वाटेत बाबांनी मला बांधावरचं एक पान तोडून दिलं. नेच्याची जात, आम्ही चांदीपान म्हणायचो. वरून हिरवं, खालून पांढरं, जणू पिठात बुडवलेलं. हाताच्या पालथ्या बाजूवर ठेवून वरून थाप मारली की कातडीवर त्या पानाचा पांढरा ठसा उमटतो, बारीक नक्षीसकट. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या पोरांना यात नवल नाही. पण मी माझ्या हाताकडे बघत राहिले. वर निमुळतं, खाली पसरत गेलेलं, दोन्ही बाजूंनी फांद्या. हे पान कुठलं, हे तर मेट्रनबाईंचं झाड! तेसुद्धा बर्फासकट!

मग मी ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीभर चांदीपान साताऱ्याला आणलं. काळा कागद घरात ढिगाने होता, कारण बाबांचे फोटोचे कोरे कागद काळ्या कागदात गुंडाळून येत. जुन्या लग्नपत्रिकांवर मी तो काळा कागद खळीने चिकटवला, वाळवला, आणि एकेका पानाची एकेक थाप मारत गेले. खरं सांगते, कार्डं देखणी झाली होती. काळ्या रात्रीत चांदीचं झाड. मी ती बाबांच्या फोटो वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगली, आणि पाठवायची वेळ येईपर्यंत तिथून हलवू दिली नाहीत. कुणी जवळ गेलं तरी मी ओरडायची. आई एकदा म्हणाली, "अगं, हे हाताला लागतंय का ते तरी बघू दे." मी तिचं बोट वाटेतच अडवलं. म्हटलं, "दोन महिने झाले, एक फांदी तरी पडली का?" नाही पडली, हे खरंच होतं. दोरीवर टांगलेल्या कार्डाला घासणार कोण, वारा?

माझी नात परवा हे ऐकून म्हणाली, "आजी, वरून हेअरस्प्रे मारायचा ना! पक्कं बसतं." तिला आता काय सांगू, आमच्या घरात केसांना लावायला खोबरेल होतं आणि ते मी कार्डांना लावलं नाही एवढीच काय ती माझी त्या वर्षीची शहाणपणाची गोष्ट.

आत लिहायचा प्रश्न आला तेव्हा मी आईला साफ सांगितलं, यंदा आत काहीही लिहायचं नाही. फक्त बाबांची सही. शुभेच्छा चित्रातून कळतात. आई म्हणाली, "आणि पेरूचं?" मी म्हटलं, "पेरूचं कुणाला काही पडलेलं नाही." आईने पेन खाली ठेवलं आणि ती शंकरपाळे लाटायला उठली. आज मी स्वतः नातवंडांना मोबाइलवर एवढं लांबलचक लिहिते की ती नुसता अंगठा पाठवून गप्प बसतात, तेव्हा आईची ती पाठमोरी उठण्याची लकब मला आठवते आणि माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

सहीसाठी मी पांढऱ्या कागदाचे तुकडे वेगळे कापले होते, म्हणजे कार्डांना बाबांचा हात लागायला नको. सही झाली की मी ते आत चिकटवणार. बाबा चहा पिता पिता सह्या करत गेले, पूर्ण नाव, आडनाव, सहकुटुंब. शेवटी एक तुकडा उरला.

"हा कुणाचा?" बाबांनी विचारलं.

मी मोजून कापले होते. मी आईकडे बघितलं. आई कढईतला शंकरपाळा उलटत होती, तिने मागे वळून न बघताच उत्तर दिलं, "जास्तीचा झालाय. करून ठेवा सही, लागेल कुठेतरी."

घरात जास्तीचं काही कधी होत नसे, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, चहा संपवला, बशी पालथी केली. मग पुन्हा पेन उचलून चटकन काहीतरी लिहिलं आणि दुकानात निघून गेले. मी तुकडा बघितला. नाव नाही, आडनाव नाही. नुसतं 'दादा'. आईने तो माझ्या हातातून घेतला, पदराला हात पुसून पुन्हा बघितला, आणि मला म्हणाली, "सगळ्यात चांगलं झाड हिला लाव. आणि पत्ता नीट काढ." तिचे डोळे कढईच्या धुराने भरले होते असं ती म्हणाली. त्या वर्षी आत्याने यावं एवढं एकच तिला हवं होतं. मला आत्या हवी होती ती तिच्या भडंगासाठी, पण हवी होतीच.

पाकिटं मी मुद्दाम घट्ट केली. कार्ड आत हललं तर झाड मोडेल म्हणून. आता तुम्हीच विचार करा, पिठाने काढलेलं चित्र, त्यावर घट्ट कागद, आणि ते साताऱ्याहून सांगलीपर्यंत टपालाच्या पोत्यात गचके खात जाणार. पण मी पत्रपेटीत एकेक पाकीट सोडताना डोळे मिटून सुस्कारा टाकला होता, मेट्रनबाई कार्डं दाखवताना टाकत होत्या तसा.

नाताळ दोन दिवसांवर आला. आई करंज्यांचं सारण परतत होती, केकचं पीठ भरलेले डबे पावाच्या भट्टीत पोचते करून मी नुकतीच परतले होते, अंगणात बांबूचा तारा टांगून झाला होता. तेवढ्यात पाळकसाहेब आले. हातात माझं पाकीट. चेहरा असा, की मला वाटलं कार्ड बघून यांना शब्दच सुचत नाहीत. शब्द सुचत नव्हते ते खरंच होतं.

"फोटो जळला का हो आमचा?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

मागल्याच आठवड्यात बाबांनी पाळकसाहेबांचा सहकुटुंब फोटो काढला होता. बायको, पोरं आणि पाहुण्या आलेल्या सासूबाई. अख्खी सकाळ गेली होती त्यात.

"जळला असेल तर स्पष्ट सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "असा काळा कागद सही करून पाठवू नका. सासूबाई परत गेल्या. त्यांना पुन्हा आणून स्टुलावर बसवणं माझ्याच्यानं होणार नाही."

आईने कार्ड हातात घेतलं. काळं. कोपऱ्यात कुठेतरी राखेसारखा एक पुसट डाग. तिने पाकीट तळहातावर उपडं करून टिचकी मारली, आणि चिमूटभर पांढरी पूड तिच्या तळव्यावर पडली. ती माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे घे तुझं झाड."

पुढे कळलं की माझ्या शाळेतल्या बाईंनी ते कार्ड कार्बन पेपर समजून वापरून बघितलं, आणि उमटत नाही म्हणून कार्बन विकणाऱ्या दुकानदाराला नावं ठेवली. पण ते नंतर. त्या वेळी पाळकसाहेबांना फोटो शाबूत असल्याचं सांगून, करंजी देऊन वाटेला लावल्यावर आई खाली बसली.

"मार्थावन्संच्या कार्डात काय आहे?"

"दादा," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही."

"पत्ता कुणाच्या हातचा?"

"माझ्या."

आईने कपाळाला हात लावला. सारणाचा हात होता तो, खोबरं कपाळाला चिकटलं. आता माझ्याही डोक्यात उजेड पडायला लागला. इतकी वर्षं आत्याला आमच्याकडून जे काही गेलं ते आईच्या हातचं, कडेकडेने भरलेलं. अबोल्यातही आई दर नाताळला गुपचूप दोन ओळी टाकायची. आणि या वर्षी आत्याला मिळणार काळा कागद, त्यावर आईचं एक अक्षर नाही, आणि तीन वर्षं न बोललेला भाऊ फक्त 'दादा' लिहून गप्प. त्या काळी मरणाचं पत्र कोपरा फाडून धाडायचे. माझं तर सगळंच काळं होतं.

"बाई गं," आई म्हणाली, "माझ्याच मरणाचं पत्र धाडलंस की!"

बाबा जेवायला आले तेव्हा आईने सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ते भिंतीकडे बघत होते. आई म्हणाली, "तार करा, सगळे सुखरूप म्हणून."

"तारवाला दारात दिसला की मार्था पुढचं ऐकणारच नाही," बाबा म्हणाले. "तिला भोवळ येईल." आणि मग ताटावरून उठून, हात धुऊन, जणू दुकानात चाललोय अशा आवाजात म्हणाले, "मीच जातो सांगलीला."

आईचा झारा हवेत थांबला. तीन वर्षांत या घरात 'सांगली' हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकला नव्हता.

बाबा बूट घालायला बसले तोच बाहेर टांगा थांबला, आणि त्यातून असा काही आक्रोश उठला की शेजारच्या काकू हातातली पोळी तशीच घेऊन बाहेर आल्या.

"वहिनीऽऽ! आमाला न सांगता गेलासा वो! माजं तोंड बी बगितलं न्हाईसा!"

मार्थाआत्या. पांढरी साडी, विस्कटलेले केस, टांग्यातून उतरताना कोसळलीच असती, पण मागून आतोबांनी एका हाताने तिला धरलं. दुसऱ्या हातात त्यांच्या गाठोडं होतं. आत्या अंगणात बसकण मारून छाती बडवायला लागली. बांबूच्या ताऱ्याखाली. आणि तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून आई धावत आली, हातात झारा, कपाळाला खोबरं.

आत्याने वर बघितलं. रडणं मध्येच अडकलं. आईने आत्याची पांढरी साडी बघितली आणि झारा टाकून ती पुढे धावली.

"वन्सं! काय झालं? भावोजी बरे आहेत ना?"

"मी हाय की हितं," मागून आतोबा म्हणाले.

"मग कोण गेलं?" आईने विचारलं.

"तुमी," आत्या म्हणाली.

काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांनी हातातली पोळी खाऊन टाकली. त्यांचं म्हणणं, दुसरं काही सुचलंच नाही.

पुढची पाच-दहा मिनिटं कोण कुणाच्या गळ्यात पडलं होतं ते सांगता येणार नाही. आत्या आईचे हात, दंड, गाल चाचपून बघत होती, बाजारात कोंबडी बघावी तशी. पण खातरजमा झाल्यावर तिचं रडणं ओसरलं आणि त्या जागी राग यायला लागला. माझी आत्या रागावली की माधवनगरच्या गिरणीचा भोंगा वाजल्यासारखी वाजायची. तिने कमरेच्या पिशवीतून माझं कार्ड काढलं. काळं कुळकुळीत. झाडाचा मागमूस नाही.

"मग ह्ये काय हाय? आँ? तीन वर्सांनी भावाचा कागूद आला, त्यो बी काळा! सांगलीपास्नं रडत आलो मी. कऱ्हाडात एसटीतल्या बायका बी रडाय लागल्या माज्यासंगं! कंडक्टरनं पानी पाजलं!" (लग्न होऊन तिकडे गेल्यापासून आत्याच्या बोलण्यात 'मी आलो, मी गेलो' आलं होतं, तिकडच्या बायका असंच बोलतात.) तिने दाराकडे बघितलं. दारात बाबा उभे होते, ओठ घट्ट मिटून. "थट्टा केलीस व्हय दादा? बहिनीची असली थट्टा? चला वो, उचला गठुडं. फुडची एसटी घावंल."

आतोबांनी गाठोडं उचललं. आईने आत्याचा हात धरला, आत्याने तो सोडवला. बाबांना काहीतरी म्हणायचं होतं. पण इतर वेळी धावत सुटणारे बाबा नेमके तेव्हाच रुतून बसले. आत्या फाटकाशी पोचली. ती गेली असती तर पुन्हा कधीच आली नसती, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. काकूंनासुद्धा.

मग मी बोलले. शूरपणा वगैरे काही नाही, मला फक्त ते डोळ्यांसमोर दिसत होतं आणि बाकी कुणी बघत नव्हतं.

"आत्या, बाबा सांगलीलाच निघाले होते."

"गप गं. थापा नगं मारू."

"मग त्यांच्या पायांकडे बघ."

सगळ्यांनी बघितलं. बाबांच्या एका पायात बूट होता, नाडी बांधलेला. दुसरा पाय उघडा, आणि दुसरा बूट हातात.

आत्या फाटक धरून उभी राहिली. "कुटं निघालतास?"

"तुझ्याकडे," बाबा म्हणाले.

"कशापायी?"

"तुझी वहिनी जिवंत आहे ते सांगायला."

"ते पत्रानं बी कळवता आलं असतं की," आतोबा म्हणाले.

"एकदा पत्र पाठवून बघितलं," बाबा म्हणाले.

आधी आतोबांना हसू फुटलं. मग आईला. आत्या पदर तोंडात कोंबून हसतेय की रडतेय ते कळेना, पण फाटक तिने सोडलं.

घरात आल्यावर आत्या गाठोडं पाठीमागे लपवायला लागली. आईने विचारलं, काय आहे त्यात. आत्या म्हणाली, काय न्हाई. आतोबांनी ते सरळ मधे ठेवून सोडलं. आत भाकऱ्यांची चळत आणि डबाभर पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नात्यातल्यांनी पिठलं-भाकरी घेऊन जायची, ही आपल्याकडची रीत. आत्याने पहाटे उठून, रडत रडत, आमच्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. आमच्या घरात करंज्या होत्या, शंकरपाळे होते, भट्टीतून केक यायचा होता, आणि मधे हे पिठलं. आत्या लाजेने खाली बघत म्हणाली, "कुत्र्याला घाला ते. सनासुदीला नगं."

"का म्हणून?" आईने ताटं मांडली. "माझ्या मरणाचं पिठलं आहे. पहिला घास मी घेणार." आणि तिने घेतला. चवीने, बोटं चाटून.

बाबा समोर बसले. त्यांनी एक भाकरी संपवली. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

"तिखट कमी आहे," बाबा म्हणाले.

"मेल्याच्या घरी तिखट घालत न्हाईत," आत्या म्हणाली.

"आता घाल मग," बाबा म्हणाले, आणि ताट पुढे केलं.

आत्या उठली आणि आईच्या फळीवरचा चटणीचा डबा न विचारता काढून आणला. तो डबा तीन वर्षांत दोनदा बदलला होता, पण तिला बरोबर सापडला. त्या दुपारी आम्ही करंजीला हात लावला नाही. केक आला तेव्हा पोटात जागाच नव्हती. मी आजवर पुष्कळ नाताळ जेवले, मुंबईला मुलाकडे हॉटेलात सुद्धा जेवले, पण नाताळ म्हटलं की माझ्या जिभेवर अजून आधी बेसन येतं.

नाताळच्या उपासनेला आतोबा पेटीवर बसले. बाबा गायला उभे राहिले. मंडळीत कुजबुज झाली, पाळकसाहेबांनी पुस्तक आधीच चेहऱ्यापाशी धरून ठेवलं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसरं बरं गेलं. तिसरं आलं आणि बाबा सुटले. आणि काय सांगू, आतोबाही सुटले! भाता फडफडवत, मान हलवत, बाबांच्या बरोबरीने. बिचारी मंडळी दोन ओळी मागे राहिली. दोघांनी गाणं संपवलं तेव्हा बाकीचे अजून अर्ध्यावर होते, आणि ते दोघं एकमेकांकडे बघत हात बांधून आमची वाट बघत बसले.

माझं काय झालं म्हणाल, तर शिक्षा अशी कुणी केली नाही. आईने फक्त सगळ्यांना नव्याने कार्डं करायला लावली, पांढऱ्या कागदावर, आणि आत ती स्वतः लिहायला बसली. चांदीचं झाड कसं उडालं, ती कशी मेली, कशी जेवली, आणि पेरू. कडेकडेने, पाकिटावरसुद्धा. मी शेजारी बसून खळ लावत होते आणि सभ्यता कुठे गेली म्हणून मला कुणी विचारलं नाही.

नवीन वर्ष लागल्यावर आत्या-आतोबा निघाले. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. बाबा आणि आतोबा कुठलं गाणं किती लयीत गायचं यावर पुन्हा वाद घालत होते, पण आता त्यांना मजा येत होती. आत्या खिडकीपाशी बसली होती. मी खाली उभी राहून, जरा लाडात येऊन, म्हटलं की पुढच्या वर्षी मी तुला याहून चांगलं कार्ड पाठवीन, पुसलं न जाणारं. एसटी सुरू झाली. आत्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझा कान पकडला, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. म्हणाली:

"एस्ते, फुडच्या वर्सी मला कार्ड-बिर्ड काय बी धाडू नगंस. कोन मेलं नसलं तरी मी येतो."